डायरीत चार महिने एकच ओळ

पत्र थोडक्यात: कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत या वाचकांचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं टर्निंग (लेथ मशीनवरचं कातकाम) करून देतात. कंत्राटी धरून ३८ माणसं. आठ महिन्यांपूर्वी आयटीआयमधून टर्नर होऊन आलेली दोन पोरं त्यांनी वर्षभरासाठी अप्रेंटिस म्हणून घेतली, सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर रीतसर करार केला. त्यातल्या एकाशी आता बिनसलंय. ऑर्डर अंगावर आली म्हणून त्याला महिनाभर बारा-बारा तास थांबवलं, ओटीचे (ओव्हरटाइमचे) पैसे दिले. दिवसाला ३०० नगांच्या वर बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची धार) काढली तर नगामागे वेगळे पैसे. लेथची चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा कीस, लागून बोटाला तीन टाके पडले, तो खर्चही मालकांनीच केला. तरी त्याची आई गेटवर येऊन ‘हे सगळं बेकायदेशीर आहे’ असं चारचौघांत बोलून गेली. पोरगा सोडून जातो म्हणतोय. मालक विचारतात, ‘त्याचं आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट माझ्या कपाटात आहे. वर्ष पुरं केल्याशिवाय देत नाही म्हटलं तर चालेल का? मी सतराव्या वर्षी उद्यमनगरात लागलो तेव्हा उस्ताद काही शिकवत नव्हता, शिव्या घालायचा. आम्ही बघून बघून चोरून शिकलो. यांना ताटात वाढून द्यायचं, वर पैसे द्यायचे, आणि शिकले की हे पुण्याला पळणार. पोरांवर उपकार केले, हे चुकलं का माझं?’ सोबत पोराच्या डायरीच्या पानांचे फोटो आहेत, ‘लिहायचासुद्धा कंटाळा, बघा’ अशा शेऱ्यासह. आणि ताजा कलम: दुसऱ्या पोराला पुढे ठेवून घेतलं तर पीएफ कधीपासून भरायचा?

नमस्कार मालक,

आधी सर्टिफिकेटचं. आज संध्याकाळी कपाट उघडा आणि त्याच्या हातात देऊन टाका. मूळ कागद अडकवून ठेवायचा हक्क कायद्याने तुम्हाला कुठेही दिलेला नाही. बघायचं, झेरॉक्स घ्यायची, परत करायचं, इतकंच. शिवाय व्यवहाराचंही सांगते. उद्या हे प्रकरण शिकाऊ उमेदवारी सल्लागारांपुढे, म्हणजे अप्रेंटिसचे करार बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे गेलं, तर तुमच्या बाजूचं जे काही खरं आहे (आणि ते आहे), ते त्या एका कागदापायी कुणी ऐकून घेणार नाही.

आता डायरी. आयटीआयच्या कार्यालयात अप्रेंटिसच्या करारांच्या फायली सांभाळण्यात माझी बावीस वर्षं गेली. मला लेथ चालवता येत नाही, पण डायरी वाचता येते. तुम्ही पाठवलेल्या पानांवर तारखा बदलतात आणि खाली तेच: ‘जॉबची बर काढली. नग ३१०.’ ‘जॉबची बर काढली. नग २९५.’ मध्ये एक रविवार, मग पुन्हा तेच. चार महिने. तुम्हाला यात पोराचा कंटाळा दिसला. मला वाटतं, पोरगा अगदी प्रामाणिक आहे. त्याने जे केलं तेच लिहिलंय. आळशी पोरं डायरीत ‘टेपर टर्निंग केले’, ‘थ्रेड कटिंगचा सराव केला’ असं पुस्तकातून उतरवून मोकळी होतात, अशा डायऱ्या मी गठ्ठ्याने पाहिल्यात. ही डायरी ठेवणं अप्रेंटिसला बंधनकारक असतं आणि त्याच्या कामाची नोंद ठेवणं तुम्हाला. म्हणजे सल्लागारांनी मागितला तर पहिला पुरावा हाच, आणि तो तुम्ही स्वतःच मला पाठवलात.

बर काढणं हलकं काम आहे असं मी म्हणत नाही. फाइल हातात बसायला दिवस लागतात, कडेला बोट फिरवून बर कळायला त्याहून जास्त. आठ-पंधरा दिवस तर हवेच. पण दोन वर्षं आयटीआयमध्ये टर्नर शिकून आलेल्या पोराला चार महिने फाइल धरून बसवलंत, तर तो काम करतोय आणि शिकत काहीच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

तुमच्या पत्रातला ‘उपकार’ हा शब्द मात्र जरा बाजूला काढू. २०१९ च्या नियमांनुसार ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, तिला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, आणि मोजताना कंत्राटी माणसंही धरायची. एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के, म्हणजे तुमच्या ३८ ला एक ते पाच. तुम्ही दोन घेतलीत, उत्तम, पण ती घ्यायचीच होती. विद्यावेतनाचाही सगळा भार तुमच्यावर नाही. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, थेट पोराच्या खात्यात टाकतं.

आणि इथे ज्या गोष्टीवरून सगळं बिघडलंय ती येते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, अमलात आला १ मार्च १९६२ ला. त्याचं अठरावं कलम म्हणतं, अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, कामगार कायदे त्याला लागू नाहीत. हे कलम मालक मंडळींना तोंडपाठ असतं. पीएफ नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही, बोनस नाही, किमान वेतन नाही. पण कायद्याने हे सगळं त्या पोराकडून काढून घेतलं ते कशाच्या बदल्यात? शिकवण्याच्या. अकरावं कलम मालकाची कर्तव्यं सांगतं, आणि त्यातलं पहिलंच आहे त्याच्या ट्रेडचं प्रशिक्षण देणं. मालक स्वतः त्या ट्रेडमध्ये पात्र नसेल तर पात्र माणूस त्याच्यावर नेमायचा. शिकवायला पुरेशी माणसं ठेवायची. आता तुमच्या शॉपमध्ये काय झालं बघा. त्याने कामगाराचे हक्क सोडले आणि बदल्यात मिळायचं शिक्षणही चार महिने मिळालं नाही. बर काढायला तुम्ही हेल्पर ठेवला असता तर त्याला किमान वेतन द्यावं लागलं असतं, पीएफ भरावा लागला असता. तेवढं काम तुम्ही विद्यावेतनात करून घेतलंत. हे तुम्ही ठरवून केलं असं मला वाटत नाही. ऑर्डरच्या रेट्यात होतं, बहुतेक शॉपमध्ये असंच होतं. पण त्याच्या आईला हा हिशेब समजला आणि म्हणून ती गेटवर आली.

ओटीचे पैसे दिलेत, हे तुम्ही दोनदा लिहिलंय. पैसे दिल्याने ती गोष्ट नियमात बसत नाही, मालक. अप्रेंटिसला जादा तास थांबवायचं तर सल्लागारांची आधी मंजुरी लागते, आणि ती मिळते फक्त त्या जादा तासांनी प्रशिक्षणाचा फायदा होणार असेल किंवा त्यात सार्वजनिक हित असेल तर. पार्टीचा ट्रक शनिवारी भरायचाय, हे त्यात बसत नाही. नगामागच्या पैशांचंही तेच. अप्रेंटिसला पीस रेटवर पैसे द्यायचे नाहीत, उत्पादनावरच्या बोनसच्या योजनेत ओढायचं नाही, असं तेरावं कलम साफ सांगतं. तुम्हाला हा चांगुलपणा वाटला, कायदा त्याकडे संशयाने बघतो. त्यामागे कारण आहे. नगाला पैसे लागले की पोरगा व्हर्नियर बाजूला ठेवतो आणि संख्या बघतो, आणि ज्या वयात चुकत चुकत माप शिकायचं त्या वयात त्याला वेगाची सवय लागते. प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम देणं, विनापरवाना ओटी आणि पीस रेट, हे तिन्ही गुन्हे आहेत. २०१४ पर्यंत त्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तुरुंग काढला आणि दंड ठेवला. तेव्हापासून काही मालकांना वाटतं कायद्याचे दात पडले. तुमच्यासारख्या, नाव जपणाऱ्या माणसाने तरी तसं धरून चालू नये.

बोटाचं लिहिताना तुम्ही म्हणता, ‘हातमोजे दिलेले होते.’ इथे मी लेथ न चालवणारी बाईही दचकले. आमच्या टर्नरच्या वर्कशॉपमध्ये शिल्पनिदेशक (शिकवणारे मास्तर) पहिल्या दिवशी पोरांचे हातमोजे, अंगठ्या आणि मनगटातले दोरे उतरवून घ्यायचे. फिरत्या चकमध्ये मोजा अडकला तर बोट जात नाही, हात जातो. लांब गुंडाळी झालेली चिप मशीन थांबवून हुकने ओढायची, बारीक चिपा ब्रशने. तुमच्या त्या मशीनजवळ हुक टांगलेला आहे का, उद्या स्वतः जाऊन बघा. सुरक्षेच्या बाबतीत अप्रेंटिसला कारखान्यातल्या कामगाराइतकंच संरक्षण आहे, तिथे ‘तो कामगार नाही’ हे चालत नाही. आणि त्याला ईएसआय नसल्यामुळे अपघाताची भरपाई थेट तुमच्यावर येते, कामगाराला जी मिळाली असती तीच. तीन टाक्यांवर निभावलं. विमा एजंटाला बोलवा आणि तुमच्या कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीत या दोन पोरांची नावं आहेत का, ते पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून विचारा. ‘सगळे कव्हर आहेत, काका’ यावर विश्वास ठेवू नका.

आता तुमच्यापुढे रस्ते कोणते?

पोरगा जातो म्हणतोय तर जाऊ द्यावा, हा एक. पण त्याला नुसतं ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणता येत नाही, तसा त्यालाही उठून चालता होता येत नाही. करार मधेच संपवायचा तर दोघांपैकी कुणीतरी सल्लागारांकडे अर्ज करायचा आणि त्याची प्रत दुसऱ्याला पाठवायची. मग चूक कुणाची हे ते ठरवतात. मालकाच्या कसुरीमुळे करार संपला तर मालकाने शेवटच्या विद्यावेतनाच्या तीन महिन्यांइतकी भरपाई द्यायची. उमेदवाराच्या कसुरीमुळे संपला तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. ती डायरी समोर असताना चूक कुणाच्या पदरात पडेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

दुसरा रस्ता त्याला दाबून ठेवण्याचा. सर्टिफिकेटचं तेच होतं, त्यावर बोलून झालं.

माझा कौल तिसऱ्याला आहे. चार महिने शिल्लक आहेत आणि एवढ्यात बरंच काही दुरुस्त होतं. त्याच्या आईला बोलावू नका, त्याच्या बापाला तर नकोच. पोराला केबिनमध्ये बसवा, चहा मागवा आणि विचारा, ‘तुला अजून काय काय यायला हवं?’ पहिल्यांदा तो मान खाली घालेल. थांबा. मग सांगेल. बोअरिंग, थ्रेडिंग, सीएनसीवर ऑफसेट घालणं, टूल बदलणं, जे असेल ते. ते त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या, खाली दोघांच्या सह्या, आणि कोणत्या आठवड्यात कोणत्या मशीनवर हे समोर मांडा. कागद भिंतीला लावा, फायलीत नको.

शिकवणार कोण, ही खरी अडचण आहे आणि ती तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुमचा सेटर (मशीन कामाला लावून देणारा जुना माणूस) शिकवत नसणार. कारण त्याचं टार्गेट सुटतं, आणि मनात कुठेतरी ही भीतीही असते की हे पोरगं तयार झालं की माझी किंमत उतरली. तुमच्या उस्तादालाही हीच भीती असणार, तो उगाच शिव्या घालत नव्हता. म्हणून सेटरचं टार्गेट रोज एका तासाने कमी करा आणि तो तास पोरांच्या नावावर लिहा. वर महिन्याला थोडी रक्कम त्याला शिकवण्याची म्हणून वेगळी द्या, पगाराच्या स्लिपवर वेगळ्या ओळीत दिसेल अशी. नगामागे पोराला देत होतात ते पैसे इकडे वळवलेत तरी बरंच काम होईल. आणि अकराव्या कलमातला ‘पात्र माणूस’ कोण, याचं उत्तरही तुमच्या कागदावर तयार असेल.

आठवड्यातून एकदा डायरीवर तुम्ही स्वतः सही करा. वाचून. एकच ओळ तीन दिवस दिसली की चौथ्या दिवशी विचारा.

पोराचंही एक ऐकवायला हवं, कारण त्याच्यासारखी मुलं हे सदर वाचतात. बाराव्या कलमात तुमचीही कर्तव्यं लिहिलीत, बाळांनो: मन लावून शिकणं, वेळेवर येणं, कायद्याला धरून दिलेला हुकूम पाळणं. आपलं मशीन पुसणं, कूलंटची टाकी साफ करणं, चिपा भरून नेणं हा टर्नरच्या शिक्षणाचाच भाग आहे, त्यात अपमान नाही. मालकाच्या घरी गॅसचं सिलिंडर पोचवणं हा नाही. तक्रार असेल तर गेटवर आईला पाठवण्याआधी आपल्या हाताने अर्ज लिहा आणि ज्या आयटीआयमधून करार हाताळला जातो तिथल्या सल्लागारांच्या कार्यालयात द्या, पोचेवर सही-शिक्का घ्या. कराराबद्दलचा वाद त्यांनीच सोडवायचा असतो. निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत वर अपील करता येतं.

आणि त्याही आधी, आपण खरोखर अप्रेंटिस आहोत का ते तपासा. ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेल्या निम्म्या पोरांना हेच माहीत नसतं. पोर्टलवर तुमच्या नावाचा करार आणि त्याचा नोंदणी क्रमांक हवा, त्यात ट्रेडचं नाव हवं. मालकाचे पैसे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत बँकेत यायला हवेत, आणि प्रोत्साहन योजना लागू असेल तर सरकारचा हिस्सा पासबुकात वेगळ्या ओळीत दिसतो. स्लिपवर पीएफ कापलेला दिसत असेल, तर तुम्ही बहुधा या कायद्याखालचे अप्रेंटिस नाहीच. मग मामला वेगळा आणि हक्कही वेगळे. राज्य सरकारची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही निराळी, ती या कायद्याखालची उमेदवारी नव्हे. रकमेचं म्हणाल तर २०१९ च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे किमान ५००० ते ९००० रुपये होते, आयटीआयवाल्याला ७०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली. करार करताना त्या दिवशीचा दर पोर्टलवर बघून घ्या, मित्राने सांगितलेला धरू नका.

मालक, पुण्याला पळण्याचं तेवढं राहिलं. पळेल. चाकणला पैसे जास्त मिळतात आणि त्याचं वयच बाहेर पडायचं आहे. थांबवायचंच असेल तर करारातच अट घालता येते की प्रशिक्षणानंतर त्याने इतका काळ इथे नोकरी करायची. पण मग त्याला योग्य नोकरी द्यायला तुम्हीही बांधले जाता, पगार करारात लिहावा लागतो. तुमच्या आत्ताच्या करारात अशी अट नसेल तर ती मागाहून चिकटवता येणार नाही. अट नसली तरी शिकून झालेल्या अप्रेंटिसला नोकरीत घ्यायचं धोरण प्रत्येक मालकाने ठरवायचं असतं, तुमचं लिहिलेलं आहे का? एक पान पुरेल. सेटर म्हणून सुरुवात काय, सहा महिन्यांनी काय, वर्षाने काय. पोरगा पुण्याचा आकडा तोंडाने सांगतो, तुमचा आकडा त्याला कधी कागदावर दिसलेला नसतो.

आमच्या कार्यालयाबाहेर एक बाकडं होतं. नवी पोरं करारासाठी रांगेत बसली की आदल्या वर्षीची मुलं त्यांच्या कानात शॉपची नावं सांगायची, ‘तिथं शिकवतात’ किंवा ‘तिथं जाऊ नको, नुसती बर काढायला लावतात.’ मला सगळं ऐकू यायचं. पुढच्या ऑगस्टमध्ये त्या बाकड्यावर तुमचं नाव निघणारच आहे.

ताज्या कलमाचं उत्तर: नोकरीत घेतल्याच्या तारखेपासून. अप्रेंटिसच्या काळाचा पीएफ लागत नाही. मात्र नेमणूक पत्रावर तारीख घाला, त्याआधी पोर्टलवर करार पूर्ण झाल्याची नोंद करून घ्या, आणि त्याची परीक्षा व राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र नेमणुकीच्या गडबडीत अडकू देऊ नका. परीक्षेच्या दिवशी त्याला सुट्टी द्या, ट्रक भरायचा असला तरी.